कोकणच्या खाडीत कार्बन साठवायचा, तर परवानगी कोणाची?

खाजणवाट

नमस्कार मंडळी,

आमच्या खाडीकाठच्या गावांत पावसाळा संपल्यापासून एका कंपनीची माणसं फिरतायत. खारबंधारा फुटल्यामुळे पडीक झालेल्या खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत, कांदळवन लावायचं, वरच्या भातशेतीत काळ्या दगडाचा बारीक चुरा पसरायचा आणि त्यातून हवेतला जो कार्बन डायऑक्साइड कमी होईल त्याची क्रेडिट, म्हणजे 'इतके टन कमी केले' असे दाखले, विकायची, असा प्रस्ताव आहे. रोपं फुकट, चुरा फुकट, लावणीची मजुरी रोख. ग्रामपंचायतीकडे ना-हरकत दाखला मागितलाय आणि जमीनमालकांकडून करारावर सह्या घेणं सुरू आहे.

मी कराराचा मसुदा वाचला. मुदत चाळीस वर्षं, वारसांवर बंधनकारक. 'कार्बनविषयक सर्व हक्क, आज ज्ञात असलेले व पुढे निर्माण होणारे' कंपनीकडे. क्षेत्रात 'अडथळा आणणारी कृती' करायची नाही, आणि अडथळा कशाला म्हणायचं ते कंपनी ठरवणार. वाद झाला तर लवाद मुंबईत. मसुदा अख्खा इंग्रजीत. आमच्याकडे एकेका सातबाऱ्यावर पंधरा-वीस नावं असतात, त्यातली निम्मी मुंबईत. सही मात्र गावात जो हाताला लागेल तो करतोय.

झाडं लावायला माझी हरकत नाही. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ आणि पुढच्याच मे महिन्यातलं तौक्ते ज्यांनी पाहिलं, त्यांना हवामान बदलतंय हे पटवून द्यावं लागत नाही. पण हवेतून कार्बन काढणं, समुद्रात काही मिसळून तो शोषून घेणं, थेट ऊनच अडवणं असे उपाय जगभर पुढे येतायत, त्यांवर ताबा कोणाचा? आज आमच्या खाजणाबद्दल विचारतायत, उद्या समुद्राबद्दल विचारतील की परस्पर करून मोकळे होतील? ज्यांना माहिती आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.


रापणकार

ताई, ह्या चाळीस वर्सांत चिखलात उतराक गावतला काय नाय, ता आधी इचारा. आमच्या बायका ओहोटीक टोपली आणि कोयती घेवन जातत, खुबे नि कालवां काढतत. त्येच्यावर घर चलता. सातबाऱ्यार त्येंचा नाव खंय आसा? सही जमीनवाल्याची आणि पोट आमचा.


ओहोटी

रापणकारांचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, त्याच्याकडे मी पुन्हा येतो. आधी समुद्राबद्दल. मी बरीच वर्षं गोव्यात समुद्राच्या पाण्याच्या रसायनशास्त्रात काम केलंय.

खाजणवाट ताई, 'उद्या समुद्र' असं तुम्ही म्हणता, पण भारताचा असा प्रयोग करून झालाय. २००९ च्या सुरुवातीला गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी मिळून दक्षिण महासागरात 'लोहाफेक्स' केला. पोलरस्टर्न जहाजावरून सुमारे ३०० चौरस किलोमीटर पाण्यात ६ टन विरघळलेलं लोह सोडलं. त्या पाण्यात बाकीची पोषकद्रव्यं भरपूर असतात, लोह तेवढं कमी. लोह मिळालं की प्लवक, म्हणजे पाण्यातले सूक्ष्म जीव, वाढतात, मेले की तळाकडे जातात आणि सोबत कार्बन नेतात, असा हिशेब होता. प्लवक वाढले खरे, पण त्या पाण्यात सिलिकेट कमी असल्याने सिलिकेटचं कवच असणारे प्लवक, म्हणजे डायटम, वाढले नाहीत. जे वाढले ते कोपेपॉड नावाच्या बारीक प्राण्यांनी फस्त केले. खोल पाण्यात कार्बन फारसा गेलाच नाही. विज्ञान म्हणून प्रयोग चांगलाच झाला. त्यावरून क्रेडिट विकायला निघालेल्यांना मात्र त्यातून काही मिळालं नाही.

आपल्या विषयासाठी त्यातली परवानगीची गोष्ट जास्त कामाची. मे २००८ मध्ये जर्मनीतच, बॉनमध्ये, जैवविविधता कराराच्या बैठकीत ठरलं होतं की किनाऱ्याजवळचे लहान वैज्ञानिक प्रयोग वगळता समुद्राला असं खत घालू नये. तरी जहाज केपटाउनहून निघालं. मग जर्मन पर्यावरण मंत्रालयाने हरकत घेतली, काम थांबलं, स्वतंत्र तज्ज्ञांची मतं मागवली आणि जानेवारीअखेर हिरवा कंदील मिळाला. म्हणजे धोक्याची तपासणी झाली ती जहाज समुद्रात असताना. दोन मोठ्या, जबाबदार, सरकारी संस्थांच्या बाबतीत हे झालं. खाजगी कंपनी असती तर कोणी थांबवलं असतं?

अरबी समुद्रात असं काही करायचं झालं तर मला जास्त काळजी वाटेल. आपल्या समुद्राच्या मधल्या थरात प्राणवायू जवळजवळ नसतोच, आणि पावसाळ्याच्या उत्तरार्धात ते पाणी किनाऱ्याच्या उथळ भागापर्यंत वर सरकतं. त्या पाण्यातून नायट्रस ऑक्साइड मोठ्या प्रमाणात सुटतो, हे गोव्याच्याच शास्त्रज्ञांनी २००० साली दाखवलंय. हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २७० पट तापवणारा. वर प्लवक वाढवून खाली कुजवले तर उरलासुरला प्राणवायूही जाईल. मासळीचं काय होईल ते रापणकारांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.


हापूसबाग

मी देवगडकडचा बागायतदार. दगडाच्या चुऱ्याबद्दल विचारायचंय. आमची जांभ्याची जमीन आंबट, म्हणून चुना घालतोच. क्रशरवरचा काळ्या दगडाचा चुरा फुकट मिळत असेल तर तोटा काय? आणि खरंच कार्बन धरला जातो का?


ओहोटी

धरला जातो. पावसाच्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड बेसाल्टच्या, म्हणजे आपल्या काळ्या दगडाच्या, चुऱ्याशी लागतो, बायकार्बोनेट होतं आणि ते नदीवाटे समुद्रात जाऊन हजारो वर्षं टिकतं. ऊन, पाऊस, ओल हे सगळं कोकणात असल्यामुळे इथे ही क्रिया भरभर होते. मध्य भारतातल्या शेतांवर हेच काम करणाऱ्या माटी कार्बनला २०२५ मध्ये एक्सप्राइझ या कार्बन काढण्याच्या स्पर्धेचं ५ कोटी डॉलरचं पहिलं बक्षीस मिळालं. तेव्हा कल्पना पोकळ नाही.

पण दोन गोष्टी विचारा. जमीन फार आंबट असली किंवा युरियासारखी खतं भरपूर पडत असली, तर चुरा विरघळतो तो दुसऱ्याच आम्लाने. दगड झिजला, जमीन सुधारली, हवेतला कार्बन मात्र तेवढा धरला गेला नाही, असं होऊ शकतं. किती टन धरला हे मोजायला माती आणि निचऱ्याचं पाणी वर्षानुवर्षं तपासावं लागतं. ती तपासणी कोण करणार आणि तिचे आकडे तुम्हाला दाखवणार का? दुसरं, प्रत्येक खाणीचा दगड वेगळा. निकेल, क्रोमियम किती आहे याचा अहवाल खाणीगणिक मागा. आणि पसरणाऱ्या मजुरांच्या नाकातोंडात ती धूळ जाते. करारात मास्कचा साधा उल्लेख आहे का पाहा.


खाजणवाट

उल्लेख नाही. मजुरीचा दर आहे, बाकी काही नाही.


दगडमाती_पुणे

दुसरी बाजूही मांडतो. मी भूगर्भात कार्बन साठवण्याच्या कामात आहे, मूळचा संगमेश्वरचा.

जगाचं वर्षाचं कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन ४० अब्ज टनांच्या घरात आहे. माणसाच्या प्रयत्नाने सध्या वर्षाला साधारण २ अब्ज टन काढला जातो, तो जवळपास सगळा झाडांतून. हवेतून कार्बन ओढणारी यंत्रं, बायोचार (मातीत घालायचा कोळसा), दगडाचा चुरा हे सगळे नवे मार्ग एकत्र धरले तरी वर्षाला १३ लाख टनांच्या आसपास. आइसलँडमध्ये २०२४ ला सुरू झालेल्या, तेव्हाच्या मोठ्यातल्या मोठ्या यंत्राची क्षमता वर्षाला ३६,००० टन. उत्सर्जन कमी केल्याशिवाय गत्यंतर नाही, पण शेवटचा जो भाग कमी होणारच नाही त्यासाठी कार्बन काढावा लागेल, हे आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीनेही लिहिलंय.

आणि आपल्याकडे साधन आहे. आइसलँडमध्ये पाण्यात विरघळवून बेसाल्टमध्ये सोडलेल्या वायूचा ९५ टक्क्यांहून जास्त भाग दोन वर्षांच्या आत दगड झाला, हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. सह्याद्री ज्याचा आहे तो दख्खनचा बेसाल्ट सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलाय. प्रत्येक नव्या गोष्टीला कोकण आधीच नकार देत राहिलं, तर संशोधन दुसरीकडे होईल आणि नियमही दुसरेच लिहितील. नियम करा, कडक करा, पण प्रयोग होऊ द्या एवढंच म्हणणं आहे.


हापूसबाग

नकार कोकणाने उगाच दिलेला नाही भाऊ. जैतापूर असो की बारसू, आधी आखणी झाली आणि मग लोकांना सांगितलं. तुमच्या प्रयोगात क्रम उलटा असेल तर बोलू.


दगडमाती_पुणे

हे मला मान्य आहे. क्रम उलटाच हवा.


रापणकार

भायर खंय मासेमारांका इचारतत काय? कोणाक म्हायती?


ओहोटी

दोन्ही तऱ्हा आहेत. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये सेंट आइव्ह्जच्या उपसागरात सांडपाण्याच्या नळातून मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड सोडायचा बेत होता, पाण्याची अल्कता (आम्लाच्या उलटा गुण) वाढवून जास्त कार्बन शोषला जावा म्हणून. लोकांना नीट कळलं तोवर छोटी चाचणी झालेली होती. २०२३ मध्ये माणसं किनाऱ्यावर उतरली आणि योजना पुढे गेली नाही.

याउलट अमेरिकेत मेनच्या आखातात वुड्स होल समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांना कॉस्टिक सोड्याचं द्रावण सोडायचं होतं. आधी पर्यावरण खात्याचा परवाना काढला, अर्जाची जाहीर सूचना निघाली, लोकांच्या हरकती घेतल्या, मच्छीमारांशी बोलणी झाली, मूळ बेतापेक्षा प्रमाण बरंच कमी केलं आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सुमारे ६५,००० लिटर सोडून निरीक्षणं घेतली. सगळे मच्छीमार खूश झाले असं नाही, पण कोण, कुठे, किती, कधी हे त्यांना आधी माहीत होतं.

तिसरी तऱ्हाही सांगतो, कारण 'गावाने होकार दिला' एवढ्याने भागत नाही. २०१२ मध्ये कॅनडाच्या हैदा ग्वाई बेटांजवळ सुमारे १०० टन लोहयुक्त पदार्थ समुद्रात टाकला. सामन मासा वाढेल आणि क्रेडिटही विकता येतील असं गावाला सांगितलं होतं, आणि पैसे गावानेच घातले होते. माहिती देणारा आणि विकणारा एकच होता. आपल्या ग्रामसभेत उद्या हेच होऊ शकतं.


किनारा_आणि_कायदा

मी वकील आहे, किनारपट्टीच्या प्रकरणांत काम करते. परवानगीबद्दल खाजणवाटनी विचारलंय, म्हणून जे आहे ते सांगते.

आंतरराष्ट्रीय पातळीवर समुद्रात वस्तू टाकण्याबाबत लंडन प्रोटोकॉल आहे. त्यात २०१३ मध्ये सागरी जिओइंजिनिअरिंगवर, म्हणजे हवामानासाठी समुद्रात मुद्दाम केलेल्या अशा बदलांवर, नियम घालणारी दुरुस्ती झाली, पण पुरेशा देशांनी मान्यता न दिल्याने ती आजवर लागू झालेली नाही. जैवविविधता कराराचा २०१० चा नागोया निर्णय संयम पाळा म्हणतो, त्याला दंडाची धार नाही. मे २०२४ मध्ये समुद्र कायदा न्यायाधिकरणाने दिलेलं मत मात्र महत्त्वाचं. हरितगृह वायू हे समुद्राचं प्रदूषण आहे, आणि एका प्रदूषणाचं रूपांतर दुसऱ्यात करणारं सागरी जिओइंजिनिअरिंग समुद्र कायद्यात बसणार नाही, असं त्यात म्हटलंय.

देशात बारा सागरी मैलांपर्यंत मासेमारीचं नियमन राज्याकडे, त्यापलीकडे दोनशे मैलांपर्यंत केंद्राकडे. १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्याने त्या पट्ट्यात संशोधनालासुद्धा केंद्राचा परवाना लागतो. किनाऱ्यावर २०१९ ची सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचना आहे. पण जनसुनावणी ज्यामुळे मिळते त्या पर्यावरण परिणाम तपासणीच्या २००६ च्या अधिसूचनेच्या यादीत खाणी, बंदरं, वीजप्रकल्प आहेत. समुद्राची अल्कता वाढवणं किंवा शेतात हजारो टन चुरा पसरणं त्यात नाही. यादीत नाव नाही म्हणजे जनसुनावणीचा हक्क आपोआप मिळत नाही. कार्बन क्रेडिट व्यापार योजना २०२३ ची, तिचा सगळा भर क्रेडिट मोजण्या-नोंदवण्या-विकण्यावर.

आता तुमच्या खाजणातला खरा पेच. करार चाळीस वर्षांचा म्हणतात, पण कांदळवन एकदा वाढलं की ते सीआरझेड एकमध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या गटात, जातं. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कांदळवनाचा नाश म्हणजे जगण्याच्या हक्काचा भंग असं सांगितलं आणि खाजगी जमिनीवरचं कांदळवनही संरक्षणात आलं. तो निकाल योग्यच आहे. पण याचा अर्थ करार संपल्यावर खारबंधारा बांधून तिथे पुन्हा भात घेता येणार नाही, कोळंबीची तळी करता येणार नाहीत. क्रेडिटचे पैसे चाळीस वर्षं, जमिनीवरचं बंधन कायमचं. सही करणाऱ्या एकाला तरी हे सांगितलंय का?


खाजणवाट

कोणालाही नाही. मी स्वतः आज पहिल्यांदा वाचतेय. धन्यवाद ताई.


मृगनक्षत्र

धाग्यात ऊन अडवण्याबद्दल कोणी लिहिलं नाही. मला तेच जास्त भयंकर वाटतं, म्हणून थोडं लांब लिहितोय.

जून १९९१ मध्ये फिलिपिन्समधला पिनातुबो ज्वालामुखी फुटला. दीड-दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड वर गेला, त्यापासून झालेल्या कणांनी ऊन अडवलं आणि पृथ्वीचं सरासरी तापमान वर्ष-दोन वर्षं साधारण अर्ध्या अंशाने उतरलं. हेच विमानांनी दरवर्षी करायचं, ही कल्पना. कार्बन काढण्याच्या मानाने खर्च फारच कमी, म्हणून एखादा देश एकटा करू शकेल. अडचण पावसाची आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले गोविंदस्वामी बाला यांनी सहकाऱ्यांसोबत २००८ मध्ये दाखवलं की ऊन कमी करून तापमान पूर्वीसारखं केलं, तरी जगाचा एकूण पाऊस पूर्वीपेक्षा घटतो. कण फक्त उत्तर गोलार्धात सोडले तर पावसाचा पट्टा दक्षिणेकडे सरकतो. म्हणजे ज्याला आपण मान्सून म्हणतो तोच. आणि एकदा सुरू करून मध्येच थांबवलं तर दाबून ठेवलेली सगळी वाढ काही वर्षांत उसळून वर येते.

आमच्याकडे मृगाचा पाऊस लांबला की तरवा, म्हणजे भाताची रोपं, पिवळा पडायला लागतो, माणसं विहिरीचं पाणी घालून तो जगवतात. समजा उद्या कोणी आभाळात कण सोडले आणि त्या वर्षी तरवा करपला. तो कणांमुळे करपला की एल निनोमुळे, हे सिद्ध करायचं ओझं कोणावर? दापोलीच्या शेतकऱ्याने कोणत्या न्यायालयात जायचं? भरपाईची कुठलीच व्यवस्था जगात नाही. नियम करायचे म्हणजे मला तरी हे आधी दिसतं: नुकसान झालं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी करणाऱ्यावर टाकणं.

व्यवस्था उभी राहत नाहीये. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेत स्वित्झर्लंडने २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये ठराव आणले, दोन्ही वेळा एकमत झालं नाही. दुसऱ्या वेळी आफ्रिकी देश 'वापर नकोच' यावर ठाम होते. दरम्यान मेक्सिकोत एका अमेरिकी कंपनीने कोणालाही न विचारता गंधकवायूचे फुगे सोडले, जानेवारी २०२३ मध्ये मेक्सिकोने बंदी जाहीर केली. स्वीडनमध्ये हार्वर्डचा साधा उपकरणं तपासायचा फुगासुद्धा २०२१ मध्ये तिथल्या मूळनिवासी सामी लोकांनी हरकत घेतल्यावर उडाला नाही, आणि २०२४ मध्ये तो प्रकल्पच बंद झाला. त्यांना विचारलंच नव्हतं ही त्यांची पहिली तक्रार होती. मान्सूनवर जगणाऱ्या देशाने या चर्चेत सगळ्यात पुढे बसायला हवं. आपण खासदारांना हा प्रश्न कधी विचारला आहे का?


दगडमाती_पुणे

ऊन अडवणं आणि कार्बन काढणं एकाच टोपलीत घालू नका एवढीच विनंती. पहिल्यात कार्बन हवेत तसाच राहतो, समुद्र आंबट होतच राहतो. दुसऱ्यात मूळ दुखणं कमी होतं. दोन्हींना एकच कायदा लावला तर चांगलं कामही अडेल.


मृगनक्षत्र

मान्य. पण विचारायचं कोणाला, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे.


ओहोटी

आता चिखलाबद्दल, जे राहिलं होतं. ओहोटीला उघडा पडणारा चिखलपट्टा रिकामा दिसतो, म्हणून लावणीवाल्यांची नजर आधी तिथे जाते. तो रिकामा नसतो. खुबे, मुळे, खेकडे, परदेशातून येणारे पक्षी सगळे त्यावर जगतात. जिथे कांदळवन मुळात नव्हतं तिथे कांदळाच्या शेंगा रांगेत टोचल्या तर बरीच रोपं मरतात, आणि जगली तर चिखलपट्टा जातो. फुटलेल्या बंधाऱ्यातून भरतीचं पाणी नीट आत-बाहेर होऊ दिलं तर तिवर, चिपी आपसूक येतात. त्याला रोपवाटिका लागत नाही, पण लावलेल्या रोपांचा आकडाही दाखवता येत नाही. तुमच्या गावात नेमकं कुठे लावणार आहेत, नकाशा मागा.


खाजणवाट

नकाशा आहे माझ्याकडे. पडीक खाजणाच्या बाहेरचा चिखलपट्टाही त्यात रंगवलाय. तिथे आमच्या दोन वाड्यांतल्या बायका कालवं काढतात. ती जमीन कोणाच्याच सातबाऱ्यावर नाही, म्हणून कोणाची सहीसुद्धा घ्यावी लागणार नाही. हे मला आता लक्षात येतंय, आणि फार राग येतोय.

ग्रामसभेत ठराव मांडायचा आहे. वकीलताई, काय काय घालावं?


किनारा_आणि_कायदा

राग बरोबर आहे, तो ठरावात उतरवा. भरतीरेषेखालची जमीन सरकारची असते, ती करारात घालायचा अधिकार कंपनीलाही नाही आणि पंचायतीलाही. हे पहिल्या ओळीत लिहा आणि प्रत तहसीलदार, कांदळवन कक्ष आणि किनारा क्षेत्र प्राधिकरणाला पाठवा. मग ना-हरकत दाखल्यासाठी अटी. करार मराठीत, सह्यांच्या आधी किमान तीन महिने पंचायतीच्या फलकावर. सातबाऱ्यावरच्या सगळ्या सहधारकांची लेखी संमती. चिखलात उतरणाऱ्या बायकांची वेगळी सभा आणि त्यांचा निर्णय बंधनकारक. गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीच्या नोंदवहीत चिखलपट्ट्याची आणि तिथल्या कालवा-खुब्यांची नोंद आजच करून घ्या, पुढे पुरावा म्हणून तीच कामाला येईल. माती-पाण्याची तपासणी कंपनीशी संबंध नसलेल्या संस्थेकडून, खर्च कंपनीचा, अहवाल गावाला. वादळाने झाडं गेली तर भरपाई जमीनमालकाकडून मागता येणार नाही हे स्पष्ट शब्दांत हवं, कारण विकलेल्या क्रेडिटचा कार्बन परत हवेत गेला की कोणीतरी तो भरून द्यावा लागतो. तो कोणीतरी तुम्ही असता कामा नये. लवाद रत्नागिरीत.


रापणकार

एक ऱ्हवला. बंद करूचो हक्क. मासळी कमी झाली, खुबे मराक लागले, तर गावान थांबवा सांगल्यार काम त्याच दिवशी थांबाक होया. चौकशी मगे.


किनारा_आणि_कायदा

हे सगळ्यात वर घाला. आणि थांबवण्यासाठी नुकसान सिद्ध करावं लागणार नाही, ग्रामसभेचा ठराव पुरेसा असेल, असं लिहा. मृगनक्षत्रांनी आभाळाबद्दल जे म्हटलं तेच खाडीला लागू आहे.


हापूसबाग

ठरावाचा मसुदा इथे टाकाल का? आमच्याकडेही ही माणसं येणारच. आजूबाजूच्या पंचायतींना एकच मसुदा दिला तर बरं पडेल.


खाजणवाट

टाकते. रापणकारदादा, तुमचं कलम पहिलं ठेवलंय. बायकांची सभा आधी घेणार आहोत, ओहोटीची वेळ सोडून, नाहीतर निम्म्या जणी येऊ शकणार नाहीत. कंपनीकडे मराठी मसुदा आणि खाणीचा अहवाल लेखी मागितलाय, पोच घेतली आहे. तोवर कोणी सही करू नये असं वाडीवाडीत सांगून झालं, मुंबईच्या मंडळालाही कळवलंय.